व्हीआरमध्ये उड्या मारायच्यात? ॲस्ट्रो, क्विल, लकी आणि मॅक्स यांच्यातली निवड

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरणं. हेडसेट घातला की आपणच नायक, आपलेच हात, आपलीच तलवार, अशी बहुतेकांची कल्पना असते. त्यामुळे एखादं चिमुकलं पात्र समोर धावतंय आणि आपण त्याला बाहेरून खेळवतोय, हे व्हीआरच्या बाबतीत उलटंच वाटतं. तेच करायचं तर टीव्ही काय वाईट? पण उड्या मारत पुढे जायच्या या प्रकारात मोजकेच का होईना, असे गेम झालेत की पहिल्या दहा मिनिटांत ही शंका मिटते. मग उरतो तो प्रश्न कुठला घ्यायचा हा. त्याचं उत्तर ग्राफिक्स पाहून किंवा लेव्हल मोजून मिळत नाही. कॅमेरा कसा हलतो आणि त्या जगात तुम्ही कोण असता, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

पण त्याआधी हेडसेटची चाळणी लावावीच लागते, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

ॲस्ट्रो या छोट्या रोबोटचा ‘ॲस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’ (2018) फक्त पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरवर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलला जोडायच्या हेडसेटवर चालतो. 2023 साली आलेल्या प्लेस्टेशन व्हीआर 2 वर तो चालत नाही, कारण नवा हेडसेट जुन्या हेडसेटचे गेम घेतच नाही. प्लेस्टेशन 5 (पीएस 5) वर खेळायचा असेल तर जुना हेडसेट, जुना कॅमेरा, तो जोडायला ॲडॅप्टर आणि पीएस 4 चा ड्युअलशॉक 4 कंट्रोलर एवढा सगळा संसार जमवावा लागतो. इथे नावांचाही घोळ आहे. पीएस 5 सोबत येणारा ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ आणि 2024 चा गाजलेला ‘ॲस्ट्रो बॉट’ हे दोन्ही साध्या टीव्हीवरचे गेम आहेत, त्यांचा व्हीआरशी संबंध नाही. लकी नावाच्या कोल्ह्याचंही तसंच. ‘लकीज टेल’ व्हीआरचा आहे, पण ‘सुपर लकीज टेल’ (2017) आणि ‘न्यू सुपर लकीज टेल’ (2019) व्हीआरचे नाहीत. नाव नीट वाचून घ्या.

‘मॉस’ (2018) आणि ‘मॉस: बुक 2’ (2022) क्वेस्ट (मेटा कंपनीचा हेडसेट), पीसी आणि प्लेस्टेशनचे दोन्ही हेडसेट अशा सगळीकडे मिळतात. ‘लकीज टेल’ 2016 मध्ये ऑक्युलस रिफ्ट या पीसीला जोडायच्या हेडसेटसोबत फुकट आला होता, पुढे 2021 मध्ये क्वेस्टवर आला. ‘मॅक्स मस्टर्ड’ 2024 चा. तो आधी क्वेस्टवर आणि नंतर पीसी व प्लेस्टेशन व्हीआर 2 वर निघाला.

आता कॅमेरा. व्हीआरमध्ये मळमळतं ते डोळे आणि कान यांच्या भांडणामुळे. डोळे सांगतात ‘आपण पुढे चाललोय’, आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं ‘छे, आपण खुर्चीत बसलोय’. थर्ड पर्सनमध्ये, म्हणजे पात्राला बाहेरून खेळवताना, धावतं ते पात्र, तुम्ही नाही, म्हणून हा त्रास मुळातच कमी होतो. पण पात्र पुढे गेलं की कॅमेऱ्यालाही कधीतरी हलावं लागतंच, आणि खरी परीक्षा तिथे असते.

‘मॉस’ने हा प्रश्न मुळातूनच उडवून लावला. तिथे कॅमेरा हलतच नाही. प्रत्येक दालन म्हणजे तुमच्यासमोर टेबलावर मांडलेला देखावा. क्विल नावाची उंदरीण एका कडेने येते, दुसऱ्या कडेने निघून जाते. मग क्षणभर अंधार, आणि पुढचं दालन समोर. ज्यांना बसमध्येसुद्धा पुस्तक वाचवत नाही, त्यांनी फार विचार न करता इथूनच सुरुवात करावी.

‘लकीज टेल’मध्ये कॅमेरा कोल्ह्याच्या मागून सावकाश सरकत राहतो. 2016 मध्ये हे धाडसच होतं, आणि त्यांनी ते बऱ्यापैकी निभावलं. ‘ॲस्ट्रो’ने त्यात एक शिस्त आणली: कॅमेरा फक्त पुढे जातो, संथपणे जातो, मागे कधीच येत नाही. पोटाला हे मानवतं, पण त्याची किंमत आहे. प्रत्येक लेव्हलमध्ये 8 हरवलेले छोटे बॉट लपलेले असतात. त्यातला एखादा मागे राहिला आणि कॅमेरा पुढे सरकला, की तो गेला. लेव्हल पुन्हा पहिल्यापासून. सगळं गोळा केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांचा इथे थोडा संताप होतो. ‘मॅक्स मस्टर्ड’चा कॅमेराही पाठलाग करणाराच आहे. ‘मॉस’इतका निर्धोक नाही, तरी बहुतेकांना झेपेल.

तुम्ही कोण असता, ही गोष्ट जाहिरातीतल्या व्हिडिओवरून अजिबात कळत नाही.

‘लकीज टेल’मध्ये तुम्ही प्रेक्षक आहात. कोल्हा अधूनमधून वर तुमच्याकडे बघतो, तुम्ही वाकून त्याचं जग न्याहाळता, बस. खेळ म्हणून गोड आहे, पण तुम्ही तिथे नसता तरी त्या जगाचं काही अडलं नसतं.

‘ॲस्ट्रो’मध्ये अडतं. इथे तुम्हीही एक रोबोट आहात, मोठा. शत्रू तुमच्या तोंडावर चिकट घाण थुंकतात आणि ती काचेवर पसरून समोरचं दिसेनासं होतं. काही अडथळे डोक्याची धडक मारून फोडायचे असतात, म्हणजे खरंच मान पुढे न्यायची. हातातला कंट्रोलर गेममध्ये जसाच्या तसा दिसतो आणि वेगवेगळ्या लेव्हलमध्ये त्याला वेगवेगळी साधनं जोडली जातात. सगळ्यात देखणा तो दोर: तुम्ही कंट्रोलरमधून हूक फेकून समोरच्या कड्याला दोर बांधायचा आणि ॲस्ट्रोने त्यावरून तोल सांभाळत पलीकडे जायचं. तुम्ही हात हलवलात तर दोर हलतो. म्हणजे पूल तुम्हीच, आणि पुलावरून जाणाराही तुम्हीच. दोन्ही भूमिका एकाच वेळी निभावताना जी मजा येते, ती टीव्हीवर आणताच येणार नाही. शिवाय प्रत्येक लेव्हलमध्ये एक सरडा दडलेला असतो. तो कधी तुमच्या पाठीमागे असतो, कधी एखाद्या खडकाच्या आडोशाला. तो सापडला की एक वेगळी आव्हानाची लेव्हल उघडते. पाठीमागे वळून बघणं हाच खेळाचा भाग होतो, ही कल्पना मला आजही या सगळ्यांत हुशार वाटते.

‘मॉस’मध्ये तुमचं नातं निराळं आहे. तुम्ही ‘वाचक’ आहात. एक जुनं पुस्तक उघडता आणि त्यातल्या जगात मुखवटा घातलेली, धूसर, मोठी आकृती बनून शिरता. पाण्यात वाकून बघितलं तर तुमचंच प्रतिबिंब दिसतं. क्विलला कंट्रोलरच्या स्टिकने चालवायचं, उड्या मारायला लावायच्या, तलवार चालवायची, आणि त्याच वेळी हाताच्या जागी असलेल्या प्रकाशाच्या गोळ्याने दगडी ठोकळे ओढायचे, चक्रं फिरवायची. शत्रू भुंग्यांनाही पकडता येतं, आणि गोळ्या झाडणाऱ्या भुंग्याचं तोंड त्याच्याच साथीदारांकडे वळवता येतं. क्विल जखमी झाली की तिला हातात धरून बरं करायचं. ती बोलत नाही, खाणाखुणा करते, आणि त्या अमेरिकन साइन लँग्वेजमधल्या खऱ्या खुणा आहेत. एखादं कोडं सुटलं की ती टाळीसाठी हात वर करते. ही टाळी न देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निव्वळ उड्यांचा खेळ म्हणून ‘मॉस’ ‘ॲस्ट्रो’च्या जवळपासही येत नाही. क्विलच्या उड्या साध्या आहेत, लढाया थोड्याच वेळात सवयीच्या होतात, आणि गोष्ट रंगात येते तोवर पहिला भाग संपतोसुद्धा. साधारण चार तासांचा ऐवज. ‘बुक 2’ यातलं बरंच दुरुस्त करतो: नवी हत्यारं आहेत, वेली वाढवून वर चढण्याची सोय आहे, जग मोठं आहे. पण तो पहिल्या भागाच्या शेवटच्या क्षणापासूनच सुरू होतो, त्यामुळे थेट तिथे उडी मारण्यात अर्थ नाही.

‘मॅक्स मस्टर्ड’ उलट टोकाचा. गोष्ट नावापुरती, 40 लेव्हल, रॉकेटचे बूट घालून हवेत तरंगणारी मॅक्स आणि अधूनमधून तुमच्या हातात येणारी खेळणी. ‘ॲस्ट्रो’ची छाप त्यावर इतकी उघड आहे की लपवण्याचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. मला त्यात वावगं वाटत नाही. क्वेस्टवाल्यांना ‘ॲस्ट्रो’ मिळणारच नसेल, तर त्या वाटेवरचा नेटका गेम असलेला बरा.

एक तांत्रिक गोष्ट चौघांच्याही बाजूने बोलते. टीव्हीवरच्या अशा गेममध्ये उडी कुठे पडणार हे डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून पात्राखाली गोल सावली दाखवतात आणि खेळणारा तिच्यावर नजर ठेवून उतरतो. व्हीआरमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात, त्यामुळे खोली थेट दिसते आणि फळी हातभर लांब की दोन हात, हे आपोआप कळतं. खोलीची ही जाण जवळच्या वस्तूंच्या बाबतीत सगळ्यात तीक्ष्ण असते. म्हणूनच असे गेम पात्राला तुमच्यापासून फार लांब जाऊ देत नाहीत. टीव्हीवर उड्या चुकतात म्हणून ज्यांनी हा प्रकार सोडून दिला, त्यांनी इथे पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही.

मग घ्यायचा कुठला? जुना प्लेस्टेशन व्हीआर घरात धूळ खात पडला असेल तर ‘ॲस्ट्रो’, दुसरा विचार नको. त्याचा पडदा आजच्या मानाने अंधुक आहे, एका डोळ्याला जेमतेम 960 बाय 1080 पिक्सेल, पण पहिल्या लेव्हलनंतर ते लक्षातही राहत नाही. मात्र केवळ या एका गेमसाठी जुना हेडसेट शोधून विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही. वायरींचं जंजाळ आणि कॅमेऱ्याची जुळवाजुळव यांचा कंटाळा येतो. क्वेस्ट किंवा प्लेस्टेशन व्हीआर 2 असेल आणि गोष्ट आवडत असेल, तर ‘मॉस’चे दोन्ही भाग ओळीने. हातांना काम हवं असेल तर ‘मॅक्स मस्टर्ड’. ‘लकीज टेल’ आज पहिली निवड ठरणार नाही, पण ज्याने कधीच हेडसेट घातलेला नाही अशा पाहुण्याच्या हातात द्यायला तो चांगला. फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.

मुलांसाठी घेत असाल तर चित्रं गोंडस आहेत एवढ्यावर जाऊ नका. सोनीचे दोन्ही हेडसेट 12 वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, आणि क्वेस्टवर पालकांच्या देखरेखीखालचं खातं 10 वर्षांपासून पुढे काढता येतं. हे चारही गेम बसून खेळता येतात, पण खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नका. कोपऱ्याआड बघायला तुम्ही पुढे वाकणार, बाजूला झुकणार, आणि तो सरडा शोधताना तर पार मागे वळणार.