हळू आवाजात बेस: लाउडनेस बटण की सबवूफर?
आवाज कमी केला की आधी बेस (खालचे, जाड सूर) गायब होतो, दोष स्पीकरचा नाही, कानाचा, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. अ‍ॅम्प्लिफायरवरचं लाउडनेस बटण बेस वाढवून नेमकं हेच भरून काढतं आणि तेही फुकटात, पण साध्या बटणात बूस्ट किती हवा ते आपल्या हातात नसतं म्हणून कधी नुसतं गुबगुब होतं, फिरवायचा नॉब असेल तर मात्र मजा आहे. सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर, थोडक्यात सब) छोट्या बुकशेल्फ स्पीकरपेक्षा बराच खालच्या सुरांपर्यंत जातो हे खरं, पण ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावून (त्याखालचे सूर सबला, वरचे स्पीकरला) सपाट, म्हणजे स्पीकरच्याच पातळीला, सेट केला तर हळू आवाजात परत तीच रड, लेव्हल चढवावीच लागते. आणि ते ऑटो-ऑन, म्हणजे सिग्नल आला की सब आपोआप चालू, नाही तर बंद! हळू आवाजात सिग्नल इतका बारीक की सब मधेच झोपतो, सरळ ऑनवर ठेवा. मी तरी आधी लाउडनेसच दाबेन.