गाडी ऑइल खात होती आणि वॉरंटी सरत होती

नवी गाडी वॉरंटीत असताना वाजवीपेक्षा जास्त इंजिन ऑइल खाऊ लागली, तर अधिकृत विक्रेता ती आपणहून दुरुस्त करून देईल असे गृहीत धरू नका. नाशिकमधील अशाच एका विक्रेत्याने वॉरंटी संपेपर्यंत मला एकामागून एक पटण्याजोगी कारणे सांगितली, माझी तक्रार कागदावर येऊ दिली नाही आणि वॉरंटीची तारीख उलटल्यावर त्याच इंजिनासाठी लाखाच्या पुढचा अंदाजखर्च हाती ठेवला. हे सारे तपशिलाने लिहीत आहे, कारण त्यातले प्रत्येक कारण सुटे ऐकले तर खरे वाटते, आणि प्रत्येकात थोडे तथ्य असतेच.

गाडी छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, वॉरंटी तीन वर्षांची. रोजचे जाणे-येणे इंदिरानगर ते अंबड, शिवाय कामानिमित्त कसारा घाटातून मुंबईच्या फेऱ्या. पहिल्या वर्षातच सर्व्हिसला बराच अवकाश असताना डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर, ऑइल किमान खुणेच्याही खाली गेलेले आढळले. बहुतेक गाड्यांत कमाल आणि किमान या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर असते, म्हणजे एवढ्या काळात लिटरभराहून अधिक ऑइल संपले होते. खाली गळतीचा एक थेंब नव्हता. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही लागला नव्हता आणि तो लागेपर्यंत थांबणे धोक्याचे असते, कारण तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब कोसळून तो लागतो तेव्हा बेअरिंगना ऑइल पुरेसे पोहोचत नसते.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने पहिल्यांदा सांगितले, की इंजिन नवे आहे, रिंग अजून बसायच्या आहेत. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना जुळेपर्यंत थोडे जास्त ऑइल जळते, हे खरे आहे. पण ते पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये उतरत जायला हवे. माझ्या गाडीत ते चढत होते. पुढच्या वेळी दोष घाटावर गेला. घाट उतरताना गिअरवर गाडी रोखली, की सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होतो आणि ऑइल वर ओढले जाते, हेही खरे. त्यानंतर मात्र त्याच टेबलावरून मला ऐकवण्यात आले, की तुम्ही शहरात फार हळू गाडी चालवता, त्यामुळे कार्बन धरतो. घाटात जोरात चालवता आणि शहरात हळू चालवता, अशी दोन्ही बाजूंनी जबाबदारी ग्राहकावरच येणार असेल, तर ती गाडी चालवायची कुठे? नाशिकच्या माणसाला मुंबईला जायचे तर कसारा, पुण्याला जायचे तर सिन्नरचा चढ आणि सप्तशृंगी देवीला जायचे तर नांदुरीचा घाट. ज्या गावात गाडी विकली, तिथल्या रस्त्यांवर चालवणे हा गैरवापर ठरू शकत नाही.

पुढे अ‍ॅडव्हायझरऐवजी वर्क्स मॅनेजर बोलू लागले आणि त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. एक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल लागू शकते, असे तीत छापलेले होते. “सर, कंपनीनेच लिहिले आहे, हे नॉर्मल आहे,” असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. या वाक्यापाशी बहुतेक ग्राहक गप्प होतात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

असे वाक्य अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये असते, काहींमध्ये मर्यादा अर्ध्या लिटरची असते. पण ती सर्वांत वाईट परिस्थितीतली वरची मर्यादा असते, भरलेली गाडी, सततचा चढ, जास्त वेग हे सगळे धरून. सर्वसाधारण वापरात इतके ऑइल लागावे, असा तिचा अर्थ होत नाही. माझ्या गाडीच्या इंजिनात सुमारे चार लिटर ऑइल मावते आणि सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला ठरवून दिलेली आहे. हजारी एक लिटर खरोखरच नॉर्मल असेल, तर दोन सर्व्हिसच्या मध्ये दहा लिटर ऑइल जळेल, म्हणजे वर न टाकल्यास चार हजार किलोमीटरच्या आसपास इंजिन कोरडे पडेल. तसे असते तर गाडी ताब्यात देताना किल्लीसोबत ऑइलचा डबा आणि दर हजार किलोमीटरला टॉप-अप करण्याची ताकीद मिळाली असती. विक्रीच्या वेळी मायलेज, सनरूफ आणि पडद्याचा आकार यांवर तासभर बोलणाऱ्यांनी ऑइलचा शब्दही काढला नव्हता.

माझ्या नोंदींनुसार गाडी हजार किलोमीटरला साधारण सातशे मिलिलिटर ऑइल घेत होती. तुलनेसाठी सांगतो. अमेरिकेत टोयोटाच्या 2.4 लिटरच्या 2एझेड-एफई इंजिनाबद्दल याच स्वरूपाच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्या कंपनीने ठराविक गाड्यांना पिस्टन आणि रिंग बदलून देण्यासाठी वाढीव वॉरंटी दिली. त्यासाठी धरलेला निकष 1200 मैलांना एक क्वार्ट असा होता. आपल्या मापात तो हजार किलोमीटरला जेमतेम अर्धा लिटर होतो. म्हणजे जो खप तिथे दुरुस्तीस पात्र ठरला, त्याहून जास्त खपाला मला इथे नॉर्मल म्हणून सांगितले जात होते.

दोन तपासण्यांचे निकालही मला पुरावा म्हणून दाखवण्यात आले. पहिला पीयूसीचा. पेट्रोल गाडीच्या त्या चाचणीत धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही गाडी उभी असताना, आयडलिंगवर. ऑइल हळूहळू जळत असेल तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरेचसे झाकून टाकतो, निळा धूरही दिसत नाही, आणि ऑइलमधल्या फॉस्फरसमुळे तो कन्व्हर्टर मात्र आतून खराब होत राहतो. दुसरा निकाल कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो हे पाहण्याचा. “कॉम्प्रेशन उत्तम आहे, म्हणजे रिंग उत्तम आहेत,” असे वर्क्स मॅनेजरनी ठामपणे सांगितले. पिस्टनवर सहसा तीन रिंग असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात. तिसरी ऑइल रिंग. ती भिंतीवरचे ऑइल खरवडते आणि पिस्टनमधल्या बारीक छिद्रांतून खाली परत पाठवते. ही तिसरी रिंग कार्बनने जाम झाली तरी वरच्या दोन धड असल्यामुळे कॉम्प्रेशन चांगले येते. कधी कधी तर भिंतीवर राहिलेल्या जादा ऑइलमुळे ते आणखी चांगले दिसते. रोज इंजिने उघडणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मात्र खरी फसवणूक या स्पष्टीकरणांच्या आडून जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रारी लिहितात त्या कागदावर, चालली होती. दर वेळी मी तोंडी सविस्तर तक्रार करायचो आणि कार्डावर उमटायचे ‘ऑइल लेव्हल तपासणे’ किंवा ‘जनरल चेकअप’. तक्रार स्पष्ट लिहा असा आग्रह धरला, की उत्तर ठरलेले असायचे: तसे लिहिले तर गाडी काही दिवस ठेवून घ्यावी लागेल, त्यापेक्षा आम्ही गुडविल म्हणून टॉप-अप करून देतो, तुम्हाला एक रुपयाही पडणार नाही. फुकट मिळालेल्या ऑइलचे बिल होत नाही आणि बिल नाही म्हणजे संगणकात नोंद नाही. वॉरंटी संपल्यावर मी गाडीची सर्व्हिस हिस्ट्री मागितली, तेव्हा तीत ऑइलच्या खपाची एकही तक्रार नव्हती, आणि तोच कागद पुढे करून मला सांगण्यात आले, की हा दोष वॉरंटीच्या काळात नव्हताच.

ऑइल कन्झम्प्शन टेस्टची मागणी मी लेखी केली होती. या चाचणीत जुने ऑइल पूर्ण काढून मोजून नवे भरतात, ड्रेन बोल्ट, ऑइल भरण्याचे झाकण आणि डिपस्टिक यांवर सील किंवा रंगाची खूण करतात, गाडी हजारभर किलोमीटर चालवायला देतात आणि परत आल्यावर उरलेले ऑइल काढून मोजतात. मला कित्येक महिने सांगितले गेले, की कंपनीची मंजुरी यायची आहे. अखेर वॉरंटी संपत आली असताना चाचणी झाली, पण शेवटी ऑइल काढून मोजले गेलेच नाही. डिपस्टिक पुसून पाहिली आणि ‘लिमिटमध्ये आहे’ असे तोंडी सांगितले. लेखी निकाल मागितला तो आजतागायत मिळालेला नाही.

त्याच सुमाराच्या एका सर्व्हिसच्या बिलावर नजर फिरवताना ऑइलच्या ग्रेडने मला थांबवले. पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 सांगितलेले असताना इंजिनात 15डब्ल्यू-40 घातले होते आणि मला कोणी विचारलेही नव्हते. जाड ऑइल घातले की खप काही काळ कमी दिसतो. रोग तसाच राहतो, चाचणीचा आकडा मात्र सुधारतो. शिवाय उद्या कंपनीने ‘चुकीच्या ग्रेडचे ऑइल वापरले’ म्हणून वॉरंटी नाकारली, तर ते आपल्याच सर्व्हिस सेंटरने घातले होते हे सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर येते. म्हणून बिलावर नुसते ‘इंजिन ऑइल’ लिहिलेले कधीही स्वीकारू नका. ग्रेड आणि लिटर दोन्ही छापून घ्या.

वॉरंटी संपल्यानंतर आठवड्याभरातच विक्रेत्याची भाषा बदलली. जे इतके दिवस नॉर्मल होते त्यासाठी आता अर्धे इंजिन बदलण्याचा सल्ला मिळाला आणि सोबत तो अंदाजखर्च. आमच्या सोसायटीतले एक काका सातपूरच्या कारखान्यात इंजिनाच्या सुट्या भागांच्या तपासणीवर आयुष्यभर काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी मला घाईने होकार देऊ दिला नाही. त्यांच्याच सांगण्यावरून इंजिन उघडण्याची तारीख विक्रेता आणि कंपनी या दोघांना पोच मिळेल अशा टपालाने कळवली. कोणीही आले नाही. अंबडच्या एका अनुभवी मिस्त्रींनी काकांसमोर हेड उतरवले आणि पिस्टन काढले. प्रत्येक टप्प्याचे चित्रीकरण केले. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नव्हते. ऑइल रिंग मात्र खाचेत चिकटून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागची छिद्रे कार्बनने पूर्ण बुजली होती. पिस्टन आणि रिंग बदलल्या, व्हॉल्व्ह सील नवे घातले, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले. आता दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइलची पातळी जवळजवळ हलत नाही, आणि घाट तोच आहे, चालवणारा मीच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे मी तक्रार दाखल केली आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क फक्त 400 रुपये आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही आता दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी नाशिककराला तिकडे जावे लागत नाही. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून बदललेले जुने भाग भंगारात देऊ नका. माझे पिस्टन आणि रिंग पिशवीत बंद करून ठेवलेले आहेत. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. ‘मंजुरी यायची आहे’ या उत्तराने वॉरंटीइतकीच ही मुदतही खाल्ली जाते, हे लक्षात असू द्या. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्या बाजूने सध्या सर्वांत उपयोगी पडत आहेत ती प्रवासात स्वतः विकत घेतलेल्या ऑइलची बिले आणि अ‍ॅडव्हायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली डिपस्टिकची छायाचित्रे, ज्यांना त्याने ‘ओके सर’ असे उत्तर दिलेले आहे.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण जाड ऑइल घालून गाडी विकायला उभी करणे सोपे असते. सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा, मागच्या सर्व्हिसच्या बिलांवरचे ग्रेड पुस्तिकेशी ताडून पाहा, आणि गाडी काही वेळ उतारावर गिअरमध्ये सोडून मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागून निळसर धूर येतो का, हे दुसऱ्या कोणाला तरी मागच्या गाडीतून बघायला सांगा.

आणि गाडी वॉरंटीत असेल, तर सर्व्हिसला देताना जॉब कार्डवर एवढे वाक्य लिहून घ्या: ‘मागील नोंदीपासून इतक्या किलोमीटरमध्ये इतके मिलिलिटर ऑइल टाकावे लागले, सील करून खपाची चाचणी घ्यावी, उरलेले ऑइल काढून मोजावे आणि निकाल लेखी द्यावा.’ लिहिण्यास नकार मिळाला, तर हेच वाक्य चेसिस क्रमांक, त्या दिवशीचे किलोमीटर आणि नकार देणाऱ्याचे पद यांसह त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ई-मेलने पाठवा आणि त्याची प्रत विक्रेत्यालाही द्या.