लीडरशिपचा कोर्स केला, भाषणं कमी आणि कामं जास्त

ऑफिसतर्फे केला हा ऑनलाइन कोर्स, बऱ्याच जणांनी विचारलं कसा आहे म्हणून लिहितेय. स्टेजवर कसं बोलायचं, समोरच्यावर छाप कशी पाडायची हे शिकायचं असेल तर घेऊ नका, इथे ते नाहीये.

पाया रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या विचारांचा आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत जवळजवळ सगळी नोकरी काढून रिटायर झाले आणि १९७० मध्ये त्यांनी निबंध लिहिला, की आधी सेवा करावीशी वाटली पाहिजे, नेतृत्व त्यातून येतं. त्यांची कसोटी मला फार पटली. तुमच्या सोबतची माणसं जास्त शहाणी, मोकळी, स्वतःच्या पायावर उभी होतायत का, पुढे तीही दुसऱ्यांसाठी झटतील का, आणि जो सगळ्यात मागे आहे त्याचं काय होतंय.

थिअरी लवकर आटपतात ते बरंय, खरा कस होमवर्कमध्ये लागतो. एक टास्क होता, टीममधलं कोणालाच नको असलेलं काम काही दिवस स्वतः करायचं आणि गाजावाजा करायचा नाही. आमच्या सरांनी मीटिंगचे मिनिट्स लिहायला घेतले, जे कायम सगळ्यात नवीन मुलीच्या गळ्यात पडायचं, आणि तिचे हात मोकळे झाल्यावर ती पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलली, तेही असं की क्लायंटचा अडलेला मुद्दा तिथेच सुटला. म्हणजे ती गप्प होती कारण आम्ही तिला लिहायला बसवलं होतं! हे कुठल्या स्लाइडवरून कळलं नसतं.

आता खटकलेलं. शेवटी चारित्र्याचा स्कोअर देतात आणि प्रश्न आपले आपणच भरायचे, मी प्रामाणिक आहे का, ऐकून घेतो का वगैरे, कोण स्वतःला कमी मार्क देणार सांगा? हेच ज्युनियर्सना, घरच्यांना विचारलं असतं तर अर्थ होता. दुसरं म्हणजे सेवा म्हणजे सगळ्यांची कामं आपणच ओढायची नाहीत हे जेमतेम दोन वाक्यांत उरकलंय, खरं तर माणसं स्वतःच्या पायावर उभी राहायला हवीत तर नाही म्हणणं, चूक तोंडावर पण नीट सांगणं हे जास्त शिकवायला हवं होतं.

तरी पाचपैकी चार स्टार. एकट्याने करू नका, टीममधल्या दोघातिघांनी मिळून करा, टास्क सोबत केले की एकमेकांना विचारता येतं, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात राहूनच जातात.