घर किती परवडेल: टक्के मोजावेत की उरलेले पैसे?

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घरावर घालवू नयेत, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. हा आकडा आला अमेरिकेतल्या सरकारी घरांवरून. तिथल्या भाडेकरूंसाठी 1969 साली उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा ठरली, 1981 मध्ये ती 30 झाली. गरीब भाडेकरूंसाठीचा हा आकडा आपण घर विकत घेतानाही बिनदिक्कत वापरतो.

त्याचा फायदा एकच: झटपट हिशेब. पण 30 टक्के कशाचे? एकूण पगार 100 आणि कपातीनंतर हातात 80 येत असतील, तर 30 म्हणजे हातातल्या पैशांचे साडेसदतीस टक्के झाले!

दुसरी पद्धत कर्ज देणाऱ्यांची. अमेरिकेत रूढ असलेला ठोकताळा 28/36 चा आहे: घराचा खर्च एकूण उत्पन्नाच्या 28 टक्क्यांत आणि सगळे हप्ते मिळून 36 टक्क्यांत. आधीच 12 टक्के दुसऱ्या हप्त्यांत जात असतील, तर घरासाठी 24 च उरतात. इतर कर्जं धरली जातात हे चांगलं, पण तुमच्यावर किती माणसं अवलंबून आहेत हे त्यात कुठेच येत नाही.

म्हणून मला तिसरी पद्धत पटते. हातात येणाऱ्या 100 मधून आधी घरखर्च (भाडं किंवा घराचा हप्ता सोडून) आणि बचत काढायची. जे उरेल ते घराचं. एकट्या माणसाचा घरखर्च 40 आणि बचत 15, तर उरले 45. चौघांच्या कुटुंबाचा घरखर्च 65, बचत तेवढीच, तर 20. टक्केवारी मात्र दोघांनाही 30 च सांगते. अट एवढीच की निदान तीन महिन्यांचा खर्च खरोखर लिहून काढलेला हवा. अंदाजाने धरलेला घरखर्च हमखास कमी भरतो.

भाड्याचं घर शोधताना टक्केवारी चालून जाते, कारण चूक झालीच तर घर बदलता येतं. विकत घेताना उरलेल्या रकमेतून देखभाल, विमा, कर वजा करा आणि मगच हप्ता ठरवा. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी मासिक हप्त्याच्या साधारण 111 पट कर्ज बसतं. मुदत 30 वर्षं केली तर 124 पट. दहा वर्षं जास्त हप्ते भरून कर्ज वाढतं जेमतेम 12 टक्के, आणि व्याज 10 टक्क्यांवर गेलं की 20 वर्षांचे 111 पट 104 वर येतात.