जिम्नी, थार आणि फोर-लिंक केलेली जिप्सी: पावसाळाभर वापरल्यावर

तीन गाड्या: 50 मिमी लिफ्ट केलेली (सस्पेन्शन बदलून उंच केलेली) पाच दारांची जिम्नी, 2020 नंतरची स्टॉक (कंपनीतून आली तशी) थार आणि मागचे पाटे काढून त्रिकोणी फोर-लिंक (एक्सल धरणाऱ्या चार दांड्या, म्हणजे लिंक) बसवलेली जिप्सी. वापर शहरातला, घाटातला, कोकणातल्या लाल चिखलातला आणि नदीपात्रातल्या गोट्यांवरचा. एवढ्या वापरानंतरचं मत असं की सस्पेन्शनमध्ये लिंक किती आहेत याला फारसा अर्थ नाही. सांधे किती, ते कशाचे आणि कुठल्या उंचीवर घट्ट केलेत, यावर सगळं ठरतं.

जिम्नीत पुढे-मागे एकच साचा आहे: दोन रेडियस आर्म (एक्सलला चासीशी जोडणारे लांब हात) आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड, जो एक्सलला बाजूला सरकू देत नाही. पुढच्या प्रत्येक आर्मला एक्सलवर दोन बुश (सांध्यातले रबरी तुकडे), चासीवर एक. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दोन्ही आर्म एक्सलला उलटसुलट पिळायला बघतात. एक्सल काही पिळत नाही, मग तो पीळ त्या चार बुशच्या रबरात जातो. इथे 'टिकाऊ' म्हणून पॉलियुरेथेन बुश खपवले जातात. घेऊ नका. कडक बुश पीळ खात नाही, तो ब्रॅकेटच्या वेल्डपर्यंत पोचवतो आणि चाकाची खाली जाण्याची मोकळीकही कमी करतो. पॅनहार्डला मात्र पॉलियुरेथेन चालतं, कारण तिथे पीळ कमी आणि आडवा धक्का जास्त.

लिफ्टचा खरा हिशेब कॅस्टरचा, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे कललेल्या कोनाचा. चासीच्या बुशपासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा. समजा 700 मिमी भरले, तर 50 भागिले 700 गुणिले 57.3, म्हणजे साधारण 4 अंश कॅस्टर गेला. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि 80 च्या पुढे गाडी रस्ता शोधत चालते. उपाय तीन. ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले) स्वस्त पडतात, पण त्यांचं रबर एका बाजूला पातळ असतं आणि फाटतं ते तिथेच. बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच दिशेला हव्यात. खाली लोंबणारे ड्रॉप ब्रॅकेट गोट्यांवर आपटतात. करेक्शन धरून बनवलेले आर्म महाग, पण निवडायचे तर तेच.

पॅनहार्डमुळे एक्सल बाजूला सरकतो, हे खरं असलं तरी त्याचा बाऊ फार होतो. 800 मिमीचा रॉड स्टॉकमध्ये एका टोकाला 80 मिमी तिरका असेल तर 50 मिमी लिफ्टनंतर सरक जेमतेम 6-7 मिमी. ॲडजस्टेबल रॉडने ती निघते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो.

वॉबल (पुढची चाकं आणि स्टिअरिंग जोरात थरथरणं) आला की लोक आधी स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. तो फक्त दुखणं झाकतो. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायला सांगा आणि खालून पॅनहार्डच्या बोल्टवर बोट ठेवा. बोल्ट आणि ब्रॅकेट यांच्यात टकटक जाणवली तर भोक लंबगोल झालंय. नवा बुश घालून ते बरं होत नाही. तिथे काही नसेल तर किंगपिन बेअरिंगचा (ज्यावर पुढचं चाक वळतं त्याचा) प्रीलोड, म्हणजे आवळण्याचा ताण, मग टायरचं बॅलन्सिंग.

थारच्या मागे गाडीच्या लांबीच्या दिशेने चार लिंक आणि एक पॅनहार्ड. प्रत्येक लिंकच्या टोकाला एकच बुश, त्यामुळे रेडियस आर्मसारखी घुसमट नाही. मागचं चाक मोकळेपणी खाली जातं. पुढे मात्र डबल विशबोन आहे (सलग एक्सल नाही, प्रत्येक चाक वेगळं), म्हणून क्रॉस एक्सलमध्ये (समोरासमोरच्या कोपऱ्यांतली चाकं एकदम वर-खाली गेल्यावर) आधी पुढचं चाक हवेत जातं. वेगात तिरका स्पीडब्रेकर लागला की मागचा भाग किंचित बाजूला उडी मारतो. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्समध्ये पॅनहार्डऐवजी वॉट्स लिंकेज (मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेल्या दोन आडव्या दांड्या) आल्याने ही सवय गेली. बदल्यात सांधे वाढले आणि मधल्या फिरत्या तुकड्याभोवती चिखल बसतो. धुताना तिथे पाण्याचा झोत मारलाच पाहिजे.

जिप्सीची फोर-लिंक दगडांवर सगळ्यांत सरस, रोजच्या वापरात सगळ्यांत त्रासदायक. खालच्या लिंक 50 मिमी बाहेरील व्यासाच्या, 6 मिमी जाडीच्या सीमलेस पाइपच्या. वरच्या दोन तिरक्या, त्यांच्यातला एकूण कोन 40 अंशांच्या खाली नको, नाहीतर एक्सल आडवा डुलतो. एक्सलवर वरच्या आणि खालच्या सांध्यांत टायरच्या उंचीच्या पाव भागाइतकं अंतर हवं. कोरड्या चढावर मागची चाकं टपाटप उड्या मारायला लागली तर अँटी-स्क्वॉट (जोर देताना मागचा भाग बसू न देणारी लिंकची रचना) जास्त आहे. वरच्या लिंकचं चासीकडचं टोक एक भोक वर घ्या. पुढच्या एक्सलला ही फोर-लिंक करू नये. ड्रॅग लिंकच्या स्टिअरिंगशी तो जुळत नाही, पुढे थ्री-लिंक आणि पॅनहार्डच बरा.

रोझ जॉइंट (गोळ्यावर फिरणारे धातूचे सांधे) लाल चिखलात एका पावसाळ्यात खडखडायला लागतात. आतलं टेफ्लॉनचं अस्तर बारीक मातीने घासून जातं. चासीकडे रबर बुश आणि एक्सलकडे ग्रीस निपल असलेला, उघडून दुरुस्त करता येणारा जॉइंट, ही जोडी टिकते. थ्रेड आत किमान व्यासाच्या दीडपट जायला हवा आणि लॉकनटवर पेंटची रेघ ओढा, म्हणजे सैल झाल्याचं लांबून दिसतं. चासीवर वेल्डिंग करण्याआधी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आणि विम्याचा विचार करा. आरसीशी न जुळणाऱ्या बदलावर क्लेम अडू शकतो.

तिन्ही गाड्यांत बुश अकाली फाटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: गाडी गॅरेजच्या लिफ्टवर उचललेली, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले जातात. बुशची आतली नळी त्या कोनात पकडली जाते आणि चाकं जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हाताने लावा, गाडी खाली घ्या, बंपर दोन-चारदा दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंच लावा. 500 किमीनंतर पुन्हा एकदा.