घरगुती अ‍ॅजिलिटी किट: जंपसाठी घ्या, विव्ह पोलच्या भरवशावर नको

अ‍ॅजिलिटी म्हणजे माणसाच्या इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळे पार करत धावायचा खेळ. ऑनलाइन दुकानांत 'डॉग अ‍ॅजिलिटी किट' म्हणून जे मिळतं त्यावरची नावं वेगळी असली तरी माल साधारण एकच असतो: एक जंप (दोन खांबांवर ठेवलेला आडवा बार), सहा विव्ह पोल (कुत्र्याने नागमोडी जायचे उभे खांब), कापडी टनेल, जमिनीवर ठेवायचा पाइपांचा चौकोन आणि हे सगळं कोंबायची पिशवी. काही किटमध्ये लटकती रिंगही येते. पाचपैकी तीन तारे. ते तीनही मुख्यतः जंपचे, कारण हँडलिंग, म्हणजे धावता धावता कुत्र्याला अंगाच्या इशाऱ्यांनी वाट दाखवणं, शिकायला एक नीट जंप पुरते आणि बहुतेक लोकांचं अडतं ते तिथेच. कुत्रा उडी मारायला पटकन शिकतो, माणसाचे पाय मात्र शिकता शिकत नाहीत.

जंप हातात आली की आधी बार पडतो का ते बघा. हा खेळ १९७८ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये, मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून सुरू झाला. त्याचा नमुना घोड्यांच्या शो जंपिंगचा, आणि बार धक्क्याने पडलाच पाहिजे हा दंडकही तिथलाच. स्वस्त किटमध्ये बार प्लास्टिकच्या क्लिपमध्ये घट्ट बसवतात. कुत्र्याचा पाय लागला की बार सुटत नाही, अख्खी चौकट ओढली जाते आणि कुत्रा पाइपांवर उतरतो. बार ठेवून एका बोटाने दोन्ही बाजूंनी ढकला. सहज पडला तर ठीक. नाही पडला तर क्लिपचा वरचा ओठ हॅकसॉने कापून उथळ खोबण ठेवा आणि कडा घासून घ्या. चौकट हलकी असते, गच्चीवरच्या वाऱ्यात आडवी होते. खालच्या आडव्या पाइपात वाळू भरून टोपणं लावली की प्रश्न मिटतो.

बारच्या रंगाकडेही लक्ष द्या. लाल पट्टे आपल्याला उठून दिसतात, पण कुत्र्याला लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे हिरवळीवर लाल बार त्याला विरून जातो. पांढऱ्या पाइपावर निळी इन्सुलेशन टेप गुंडाळणं उत्तम.

उंचीची घाई नको. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं दीड वर्षापर्यंत वाढत असतात. तोवर बार जमिनीवर, फार तर पुढच्या पायाच्या मनगटाएवढा. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या स्पर्धेत उतरायलाही कुत्रा किमान १८ महिन्यांचा लागतो. सिमेंटच्या गच्चीवर तर कोणत्याही वयात बार खालीच राहू द्या, आणि गुळगुळीत फरशी असेल तर उतरण्याच्या जागी रबरी मॅट टाका.

आता या जंपवर काय शिकायचं ते. किटसोबत येणाऱ्या पत्रकात याबद्दल एक अक्षर नसतं.

फ्रंट क्रॉसमध्ये तुम्ही कुत्र्याच्या पुढून बाजू बदलता, तोंड त्याच्याकडे ठेवून. कुत्रा डाव्या हाताला असेल तर त्याला जंपकडे पाठवा, त्याची नजर बारवर स्थिरावली की उतरण्याच्या बाजूला आतल्या खांबाजवळ जा, त्याच्या दिशेने गिरकी घ्या आणि उजवा हात खाली दाखवा. कुत्रा आता उजवीकडे. चूक नव्वद टक्के वेळा एकच: उशीर. कुत्रा हवेत असताना तुम्ही वळत असाल तर त्याला वळण उतरल्यावर कळतं. मग तो लांब जाऊन वळतो, किंवा हवेतच अंग मुरडून बार पाडतो. त्याने जमीन सोडायच्या आत तुमची गिरकी संपलेली हवी. ती संपत नसेल तर अंतर चुकतंय: जंपला चिकटून राहू नका, लांबून पाठवायला शिकवा. गिरकीचा सराव आधी कुत्र्याशिवाय करा. सोसायटीतले लोक बघतील, बघू देत.

रिअर क्रॉसमध्ये कुत्रा पुढे जातो आणि तुम्ही त्याच्या शेपटीमागून बाजू बदलता. जंपकडे सरळ न धावता तिरकं धावा. तुमच्या त्या तिरक्या रेषेवरूनच कुत्र्याला वळणाची दिशा कळते. फार लवकर मागे गेलात तर कुत्रा जंपआधीच वळून तुमच्याकडे बघतो, स्पर्धेत हा रिफ्यूजल, म्हणजे अडथळा नाकारल्याचा दोष. उशीर केलात तर तो जुन्या बाजूला वळून उतरतो आणि गोल फिरतो. म्हणून हे वळण आधी सपाट जमिनीवर, जंपशिवाय पक्कं करा.

ब्लाइंड क्रॉस सगळ्यांत वेगवान, कारण गिरकीच नसते. तुम्ही कुत्र्याच्या पुढून धावत, त्याच्याकडे पाठ करून बाजू बदलता. इथे मान महत्त्वाची. पाय पलीकडे गेले आणि नजर अजून जुन्या खांद्यावरूनच मागे वळलेली असेल, तर कुत्रा तुमच्या पाठीमागून जुन्याच बाजूला येतो. मान झटकन नव्या खांद्याकडे, त्याच क्षणी नवा हात पुढे, जुना हात छातीशी. तीनही प्रकारांत कुत्र्याच्या बाजूचाच हात दाखवायचा. पलीकडचा हात अंगावरून आडवा आणला की खांदे वळतात, आणि कुत्रा हातापेक्षा खांदे वाचतो.

खाऊ कुठे द्यायचा हेही हँडलिंगच. तुमच्या तोंडाकडे बघत थांबलेल्या कुत्र्याला दिलात तर तो पुढच्या वेळी उतरून तुमच्याकडेच बघणार. जिथे त्याने वळून यायला हवं, तिथे जमिनीवर टाका. उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे.

विव्ह पोल ही किटची सगळ्यांत कच्ची बाजू. सोबत एक पट्टी किंवा दोरी येते, तिच्यावर खुणा असतात आणि त्या बऱ्याचदा ४५-५० सेंटिमीटरवर. एफसीआयच्या नियमाने दोन पोलांत ६० सेंटिमीटर लागतात. लॅब्रॅडॉरएवढा कुत्रा अरुंद अंतरात शिकला की पाऊल आखडतो, आणि खऱ्या पोलांवर त्याची लय चुकते. पट्टी बाजूला ठेवा, मोजपट्टी घ्या. दुसरं म्हणजे पोल बारीक असतात. खांद्याने वाकतात, मग कुत्रा अंग वळवण्याऐवजी पोलच ढकलून सरळ जायला शिकतो. तिसरी अडचण खालच्या टोकदार खिळ्यांची. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये ते निरुपयोगी. काळ्या मातीत उन्हाळ्यात आत जात नाहीत, पावसाळ्यात उभे राहत नाहीत.

फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ लोखंडी पट्टीचा बेस करून घेणं जास्त शहाणपणाचं. सहा पोल म्हणजे पाच अंतरं, म्हणजे तीन मीटर लांबी. पट्टीवर दर ६० सेंटिमीटरला वीतभर सळई उभी वेल्ड करायची आणि तिच्यावर ३२ मिलिमीटरचा, मीटरभर उंच पीव्हीसी पाइप चढवायचा. आधाराचे आडवे पाय कुत्र्याचं पाऊल पडतं तिथे येऊ देऊ नका. दीड-दीड मीटरचे दोन तुकडे केले तर गाडीतही मावतात.

शिकवताना हातात खाऊ धरून कुत्र्याला पोलांतून नागमोडी ओढत नेणं ही सगळीकडे दिसणारी पद्धत, आणि सगळ्यांत वाईट. कुत्रा हाताच्या मागे जातो, पोल त्याला दिसतही नाहीत. त्यापेक्षा दोनच पोल उभे करा. कुत्रा मधून गेला की खेळणं पुढे सरळ रेषेत फेका. मग तुमची जागा बदलत राहा: समोर, तिरकं, अगदी बाजूला. कुठूनही पाठवलं तरी पहिला पोल त्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा, कारण प्रवेशाचा नियम तोच. ते पक्कं झालं की पुढे दुसरी जोडी, आधी तिरकी, मग हळूहळू एका रेषेत. एका वेळी चार-पाच फेऱ्या बास. पाठीच्या कण्यावर ताण येणारा अडथळा आहे, वाढत्या वयात तर पोल एका रेषेत आणायचेच नाहीत.

टनेल ठीकठाक. व्यास ६० सेंटिमीटर आहे का बघा. त्याहून अरुंद टनेल बीगलला चालेल, लॅब्रॅडॉर पाठ घासत जाईल. आतल्या तारेचे वेढे लांब-लांब असतील तर कापड लोंबतं आणि नखं अडकतात, म्हणून टनेल नेहमी पूर्ण ताणून ठेवा. सोबतच्या खुंट्या पुरत नाहीत. वाळूच्या दोन पिशव्या पट्ट्याने जोडून खोगिरासारख्या टनेलवर टाका, दर मीटरभराला एक जोडी. टनेल एकदा जरी कुत्र्यासकट गडगडलं तरी तो पुढे आत जायला का-कू करतो. पहिल्या दिवशी टनेल दाबून मीटरभरच ठेवा. उन्हात आतली हवा फार तापते, त्यामुळे सराव सकाळी आठच्या आत.

पाइपांचा चौकोन निरुपयोगी वाटतो, पण सुरुवातीच्या रेषेवर कुत्र्याला बसवून तुम्ही पुढे निघून जाण्याच्या सरावाला छान. रिंग मात्र लावूच नका. स्पर्धेत रिंगच्या जागी असणारा टायर धडक बसली की उघडतो, किटमधली रिंग उघडत नाही.

पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं, सामान गच्चीवर सोडू नका. पावसाळ्यात टनेल सुकवल्याशिवाय पिशवीत भरलं तर बुरशी धरते. विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीन मापं विचारा: टनेलचा व्यास, पोलमधलं अंतर, पोलची जाडी. उत्तर आलं नाही तर नुसती जंप सुटी घ्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून पाइप, टी, एल्बो आणि टोपणं आणून घरी करा. ती किटमधल्या जंपपेक्षा भक्कम होते.