सात महिन्यांत तीनदा वाचलेली हेरकथा: ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’

उत्तरायण झाल्यावर वडोदऱ्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून हे पुस्तक पहिल्यांदा घरी आणलं. आता श्रावण लागलाय आणि माझं तिसरं वाचन नुकतंच संपलंय.

लेखक जॉन ल कॅरे. हे टोपणनाव, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. ते स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होते. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा त्यांची नेमणूक पश्चिम जर्मनीत, बॉनला होती, आणि १९६३ मध्ये ही कादंबरी आली. त्यामुळे यातली भिंत ऐकीव वाटत नाही.

पहिल्यांदा मी दोन रात्रींत संपवलं. पुढे काय होतं एवढंच बघत होते. बर्लिनमधला ब्रिटिश अधिकारी ॲलेक लीमस एकेक माणूस गमावून लंडनला परततो आणि त्याच्यावर शेवटची एक कामगिरी सोपवली जाते. मग त्याची नोकरी जाते, दारू वाढते, तुरुंगही होतो. यातलं सोंग किती आणि खरं किती, तेच कळेनासं होतं. लेखकाने मला पुरतं फसवलं.

दुसरं वाचन मे महिन्यातलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला बंदी. रोज जेवणं उरकली की दांडिया बाजारच्या आमच्या गॅलरीत बसून मी आठ-दहा पानं वाचायची, तिथल्या तिथे मराठी करत. पहिल्याच प्रकरणात लीमस भिंतीपलीकडून येणाऱ्या आपल्या माणसाची वाट बघत चौकीत उभा आहे. तो माणूस येतो सायकलवरून. कागद तपासले जातात, त्याला सोडतात, आता थोडंच अंतर उरलंय, आणि एकदम झोत पडतात. तो वाकून जोरात पायडल मारायला लागतो. इथे मी थांबले, तर बाबा म्हणाले, “अगं, थांबतेस काय? पोचला का तो?”

सगळ्यात अडलं ते ‘कोल्ड’पाशी. लीमसचा वरिष्ठ त्याला समजावतो, की हेराला मायेवाचून जगावं लागतं, पण कायम असं राहता येत नाही, कधीतरी आत यावं लागतं. वडोदऱ्याच्या त्या उकाड्यात ‘थंडीतून आत ये’ म्हणून काय कळणार? दोन दिवस शब्द शोधला. शेवटी बाबांनीच सुचवलं, “उघड्यावर म्हण. माणूस उघड्यावर पडलाय.” त्यानंतर सगळं पुस्तक आम्ही त्याच शब्दाने वाचलं.

मधला उलटतपासणीचा भाग रेंगाळतो, हे मान्य. कोपनहेगन आणि हेलसिंकीच्या बँकांत खोट्या नावांनी भरलेल्या पैशांचा तपशील मी पहिल्यांदा नुसता चाळला होता. तसं करू नका. सगळा डाव त्याच पानांत मांडलेला आहे.

तिसऱ्या वेळी मी फक्त लिझसाठी वाचलं. लीमस काही दिवस लंडनमधल्या एका छोट्या ग्रंथालयात काम करतो, तिथे ती भेटते. मी स्वतः आमच्या लायब्ररीत, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत, लोखंडी मांडण्यांमधल्या जाड काचेच्या जमिनीवरून पुस्तकं शोधत फिरते. म्हणून असेल, पण ती मुलगी मला फार जवळची वाटली. कम्युनिस्ट पक्षाची साधी सभासद, मनापासून विश्वास ठेवणारी. डाव मांडणाऱ्यांपैकी कुणीही तिला काही विचारत नाही. शेवट सांगत नाही, पण मे महिन्यात तो वाचून दाखवला त्या रात्री बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिचा काय गं दोष?” बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत ते मोठे झाले. त्या गोष्टींत हेर खबर घेऊन आपल्या राजाकडे परत येतो. इथे दोन्हीकडचे वरिष्ठ सारखेच थंड डोक्याचे, आणि तेच त्यांना पचेना.

दुसऱ्या वाचनासाठी मी ऑनलाइन मागवलेली प्रत मात्र निराशाजनक निघाली. अक्षर बारीक, आणि महिन्याभरात बांधणी सुटून मधली पानं हातात आली. बदलून मागितली तर मुदत संपली म्हणाले. आता रबरबँड लावून ठेवलीय. घ्यायची तर दुकानात हाताळून घ्या, आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका. माझ्या प्रतीवर त्यात नको तेवढं सांगून टाकलंय.

बाबांचा नवा चष्मा आलाय. पहिलं प्रकरण त्यांनी काल स्वतः वाचलं, सायकलचं पान दोनदा.